विन्स्टेडभोवती एकच फेरी

शनिवारी सकाळी साडेनऊला मर्व्ह डीटरिकच्या शोरूमच्या काचांवर अजून कागद होता. पांढरा, जाडसर, खाटकाकडे मटण बांधून देतात तसला. नवी गाडी आली की मर्व्हचे वडील असा कागद लावायचे आणि दहाच्या ठोक्याला स्वतःच्या हाताने टराटरा फाडायचे. डेट्रॉइटच्या आसपासच्या बाकीच्या विक्रेत्यांनी ही पद्धत कधीच सोडली होती. मर्व्हने सोडली नव्हती.

बाहेर चाळीसेक माणसं उभी होती. ऑक्टोबरचा गारठा होता. लांब टेबलावर सफरचंदाचा गरम रस आणि साखरेत घोळलेले डोनट मांडले होते. चेस्टर ग्रुश्का तिसरा डोनट खात होता. भूक नव्हती. पण तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर देता येत नाही, एवढं तो चौतीस वर्षांत शिकला होता.

आत झाकून ठेवलेल्या गाडीचा मागचा डावा पुठ्ठा, म्हणजे चाकावरचा फुगीर भाग, त्याने केला होता. हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोलाही नाही.

"पुरे आता," लुसिल म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

चेस्टरने तोंडाकडे बोट दाखवलं.

"बरं सुचतं तुला," ती म्हणाली.

गाडी लोखंडाची होण्याआधी मातीची होते. डिझायनर कागदावर दोन-चार झोकदार रेघा ओढतो आणि जेवायला जातो. त्या रेघांवरून खऱ्या मापाची अख्खी गाडी मातीत उभी करायची, हे चेस्टरचं काम. माती मेण मिसळलेली, तपकिरी. भट्टीत गरम करून थापायची आणि निवली की दातेरी पट्टीने खरवडायची. मग बिनदातांच्या पट्टीने, मग पातळ पोलादी पात्याने. शेवटी डोळे मिटून नुसत्या तळहाताने. डोळ्याला न दिसलेला उंचवटा हाताला लागतो. कंपनीने त्या मातीवरून साचे घेतले की माती पुन्हा खरवडून काढायची आणि भट्टीत टाकायची. तिचीच पुढची गाडी. चेस्टरच्या हातून अकरा गाड्या झाल्या. मातीतली एकही उरली नव्हती.

त्याचे वडील गिलावा करायचे. पोलिश वस्तीतल्या तीन चर्चची छतं त्यांच्या हातची. शेवटचा हात नेहमी खिडकीकडून आत फिरवायचा, असं ते सांगत. उजेड ज्या वाटेने येतो त्या वाटेने गिलावा गेला पाहिजे, म्हणजे उजेड कुठे अडखळत नाही. चेस्टर मातीवर तेच करायचा. पहिल्याच वर्षी मुकादमाने विचारलं, "तू उलटा का ओढतोस?" चेस्टर म्हणाला, "सवय आहे." मुकादमाने पृष्ठभाग पाहिला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

सवयी घरीही यायच्या. रस्त्यात उभी असलेली गाडी दिसली की त्याचा हात आपोआप तिच्या पाठीवर जायचा. एकदा चर्चबाहेर तो कुणाच्यातरी नव्याकोऱ्या गाडीवरून डोळे मिटून हात फिरवत असताना पोलिसाने हटकलं होतं. लुसिलला पुढे होऊन सांगावं लागलं, "चोर नाहीत हो ते. कामावर आहेत."

लुसिल बेकरीत केकवर साखरेची फुलं काढायची. लग्न झालं तेव्हा चेस्टरने भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघराला स्वतः गिलावा केला होता. खिडकीच्या वर, भिंत संपून छत सुरू होतं तिथे त्याने कोपराच ठेवला नाही. भिंत हळूच वळली आणि छत झाली. पुढे त्यांनी तेच घर विकत घेतलं. लुसिल तेहतीस वर्षं चहा पिताना तिकडेच बघत आली होती.

खेळ सुरू झाला त्रेसष्ट साली. चेस्टरची पहिली गाडी बाजारात आली होती. कामाबद्दल घरी बोलायचं नाही, असा कंपनीचा नियम. डिझायनर गप्पा मारायचे, माती कोरणारे पाळायचे. गाडी बघायला दोघं गेली. लुसिलने विचारलं, "यातलं तुझं काय?" तो म्हणाला, "ओळख." तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या दिव्याच्या वरच्या गोलाईवर हात ठेवला.

"हे," ती म्हणाली.

चेस्टरचं तोंड उघडंच राहिलं. "कसं कळलं?"

"कळलं."

मग नियम ठरले. फेरी एकच. फेरी चालू असताना चेस्टरने दोन्ही हात खिशात ठेवायचे, नाहीतर ते चुगली करतात. ती जिंकली तर त्या रात्रीचे बटाट्याचे घावन त्याने करायचे. आणि हरली तर? तेव्हा सत्तावीस वर्षांची होती ती. हसत म्हणाली होती, "ज्या दिवशी मला तुझा हात ओळखू येणार नाही, त्या दिवशी तू ते काम सोड. मग ते कुणीही करू शकतं."

चेस्टरनेही हसत हात मिळवला होता. त्यानंतर दहा गाड्या आल्या. दहा वेळा त्याने घावन केले.

आता ही बारावी. आणि या वेळी त्याच्या कोटाच्या खिशात एक कागद होता. ज्यांची तीस वर्षं भरली होती, त्यांना कंपनीने लवकर निवृत्ती देऊ केली होती. सही करून सोमवारपर्यंत द्यायचा. नाही दिला तरी चालणार होतं. लुसिल म्हणाली होती, "तुझं तू ठरव." चेस्टरला ठरवता येत नव्हतं. म्हणून त्याने मनातल्या मनात सगळं त्या जुन्या पैजेवर सोडलं होतं.

कारण होतं मशीन. दोन वर्षांपूर्वी विभागात एक कोरणारं मशीन आलं. संगणकावर आकार द्यायचा आणि आपण घरी जायचं. सकाळी येऊन बघावं तर माती कोरून तयार. चेस्टरच्या वाट्याला मागचा डावा पुठ्ठा आला तो असा, मशीनने नव्वद टक्के करून ठेवलेला. त्याने फक्त वरचा पापुद्रा काढला आणि गुळगुळीत केला. तीन दिवसांत संपलं. पूर्वी याच कामाला चार महिने लागायचे. आपला त्यात किती हात आहे, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. लुसिल काय सांगणार?

दहा वाजले. मर्व्हने टाय सारखा केला आणि कागद फाडला.

दार उघडलं तसे सगळे डोनटच्या खोक्यासकट आत शिरले.

नवी विन्स्टेड आत उभी होती, फिकट हिरव्या रंगात. आधीची विन्स्टेड पेटीसारखी होती. समोरून चौकोनी, बाजूने चौकोनी, आत बसलेली माणसंही चौकोनी वाटायची. गावातल्या निम्म्या घरांत तीच होती. या नव्या गाडीला कोपराच नव्हता. दिवे लांबट अंड्यासारखे. मागची काच अंड्यासारखी. बॉनेट घसरत खाली यायचं आणि नाक सुरू व्हायच्या आधीच संपायचं.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं. "मर्व्ह, हिला उन्हात ठेवली होतीस का रे?"

"आठवडाभर वापरलेला साबण!"

"तोंड बघा की. गळाला लागलेला मासा असं तोंड करतो."

"आणि मागून? आमची व्हिल्मामावशी प्रार्थनेला गुडघे टेकते ना, डिट्टो तश्शी."

हशा पिकला. चेस्टरने चौथा डोनट उचलला. मावशीचा तो भाग त्याचा होता.

नॉर्ब पेल्की गर्दीतून पुढे आला. चेस्टरच्या समोरच राहायचा. जन्मभर नळ जोडले आणि जन्मभर विन्स्टेड चालवली. पाचवी घ्यायला आला होता. तो गाडीपुढे उभा राहिला आणि तिला वर्गात उशिरा आलेल्या पोरीसारखं न्याहाळू लागला.

"मर्व्ह, ही संपते कुठे?"

"म्हणजे?"

"माझ्या गाडीला कोपरे आहेत. कोपरा दिसला की कळतं, बाबा, इथवर गाडी, पुढे भिंत. ही गॅरेजमध्ये घालताना मी काय करू? देवाचं नाव घेऊ?"

"सवय होते, नॉर्ब," मर्व्ह म्हणाला. घाम आला होता त्याला. "माझ्या बायकोला नाही का माझी झाली?"

"तिला विचारलंस का कधी?"

पुन्हा हशा. टपाल वाटणाऱ्या बाई गणवेशातच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर आवडली बाई. दारात उभी असली तर कुत्रं भुंकणार नाही हिच्यावर." त्यावर दोघांनी माना डोलावल्या, तिघांनी डोळे फिरवले. एक तरुण जोडपं आत बसून बघत होतं आणि बाहेर यायलाच तयार नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दोनदा विचारलं की जुन्या विन्स्टेड कुठे शिल्लक आहेत का.

चेस्टर चघळत राहिला. नावं ठेवणं त्याला नवं नव्हतं. एकोणसत्तरच्या गाडीला लोक शवपेटी म्हणाले होते आणि नंतर त्याच शवपेटीतून बारा वर्षं हिंडले होते. त्याला चिंता वेगळीच होती.

लुसिलने पर्स खांद्यावर सरकवली. "चल, खिशात."

चेस्टरने हात खिशात घातले. उजव्या हाताला तो कागद लागला.

ती चालकाच्या दारापासून निघाली. घाई नाही, थांबणं नाही, बाजारात टोमॅटो निवडताना चालते तशी. डावीकडून मागे गेली. मागच्या डाव्या पुठ्ठ्याशी आली आणि थांबली.

चेस्टरचं चघळणं थांबलं.

टपालवाल्या बाईंना वाट द्यायला लुसिल थांबली होती. त्या गेल्या. लुसिल पुढे निघाली. डिकी मागे पडली. उजवी बाजू सुरू झाली.

चेस्टरने घास गिळला. साखर असूनही कोरडा लागला. गेलं, तो मनात म्हणाला. खिशातल्या कागदाची कड त्याने बोटाने दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. चौतीस वर्षं. वाईट नव्हती. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं, पण दुखलं.

पुढच्या उजव्या चाकाशी लुसिल थांबली. या वेळी वाटेत कुणी नव्हतं. ती जरा वाकली. मान तिरकी केली. मग हातमोजा काढला आणि चाकावरच्या मडगार्डवर, ते बॉनेटकडे वळतं तिथे, तळहात टेकवला.

"हे," ती म्हणाली. तिला शंकाच नव्हती.

"नाही," चेस्टर म्हणाला.

हा शब्द त्याला या खेळात कधी वापरावा लागला नव्हता. दोघांनाही तो ओळखीचा वाटला नाही.

"उगीच चेष्टा करू नकोस, चेस्टर."

"चेष्टा नाही."

"हात खिशातून काढ आणि सांग."

त्याने हात काढले. "नाही. माझं नाही ते."

लुसिलने गाडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं. तिला राग आला होता. "मला माझ्या स्वयंपाकघराचा कोपरा ओळखू येत नाही? खिडकीच्या वरचा? इकडे ये. असा वाक. नाही, आणखी. आता बघ."

चेस्टर वाकला. फाडलेल्या कागदातून ऑक्टोबरचा उजेड तिरपा आत येत होता. तो दारावर पडत होता, पुढे सरकत होता, मडगार्डवर चढत होता. जिथे त्याने तुटायला हवं होतं तिथे तो तुटत नव्हता. हळूच वळत होता आणि बॉनेटवर जाऊन विरत होता.

विभागात वर सगळीकडे दिव्यांच्या सारख्या पांढऱ्या नळ्या असतात. तिथे उजेड सगळीकडून येतो, म्हणून कुठूनच येत नाही. ही बाजू त्याने अशी कधी पाहिलीच नव्हती. तो दुसऱ्या टोकाला होता.

त्याने डोळे मिटले आणि तळहात ठेवला. मागून पुढे नेला. मग पुढून मागे. शेवटचा हात मागून पुढे फिरला होता, उजेडाच्या दिशेने. पत्र्यात ते हाताला लागायला नको. त्याला लागलं.

"रेनी," तो म्हणाला.

"कोण रेनी?"

"टॉलिव्हर. माझ्या शेजारी असते. सात वर्षं झाली."

"तुझ्या बुटांवर कॉफी सांडली होती ती?"

"तीच."

रेनी टॉलिव्हर शिल्पकला शिकून आली होती. पहिल्या दिवशी तिने पट्टी इतकी जोरात ओढली की दारात खड्डा पडला. चेस्टर म्हणाला होता, "तुला पुतळा करायचा नाही. पुतळ्याकडे लोक बघतात. याच्यात बसून लोक दुसरीकडे बघतात." ती रुसली होती. मग त्याने तिचे डोळे रुमालाने बांधले आणि महिनाभर तिला फक्त हात फिरवायला लावला होता. ओढण्याची दिशा त्याने तिला शिकवल्याचं मात्र त्याला आठवत नव्हतं. तिने नुसती पाहिली असणार.

आणि पुढचा उजवा भाग सुरू झाला तेव्हा मशीन सव्वा महिना बंद पडलं होतं. सुटा भाग येईना. डिझायनर घायकुतीला आले होते. रेनीने तो अख्खा भाग हाताने उभा केला होता. हेही त्याला आत्ता आठवलं.

"म्हणजे मी हरले," लुसिल म्हणाली.

"हरलीस."

"हरले कशी? हात तुझाच आहे की. नुसता दुसऱ्या कुणाला लावलाय."

"नियम म्हणजे नियम."

"नियम मी केलेत! बरं, तुझं कुठलं ते तरी दाखव."

त्याने तिला मागे नेलं आणि डावा पुठ्ठा दाखवला. लुसिलने तो या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला. मग चाचरत म्हणाली, "हा? मला वाटलं हा मशीनने केलाय."

चेस्टर हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. डोनटची साखर कोटभर उडाली. "जवळजवळ," तो म्हणाला. "जवळजवळ मशीननेच केलाय. मी त्याला आंघोळ घातली."

"व्हिल्मामावशीला," लुसिल म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना.

त्याने खिशातून कागद काढला. लुसिलचं हसू थांबलं. तिने कागद ओळखला. पर्समध्ये हात घातला आणि पेन दिलं.

चेस्टरने कागद बॉनेटवर ठेवला.

"तिथे नको!" मर्व्ह लांबूनच ओरडला. "ओरखडा पडेल! एकच आहे माझ्याकडे!"

मग चेस्टरने डोनटच्या खोक्याच्या झाकणावर ठेवून सही केली. कागदाला साखर लागली. तुपकट डागही पडला. सोमवारी कार्यालयातल्या मुलीने तो दोन बोटांत धरून घेतला.

"वाईट वाटतंय?" लुसिलने विचारलं.

तो विचार करू लागला. खरं सांगायची त्याला सवय होती. "तिकडे उभा होतो तेव्हा वाटलं. आता भूक लागलीय."

एवढ्यात खांबापाशी त्यांना एक उंच मुलगी दिसली. गळ्याभोवती लाल रुमाल, हात छातीशी घट्ट बांधलेले. नॉर्ब पेल्कीने तिला गाठलं होतं आणि तो तिला मडगार्डाबद्दल समजावून सांगत होता.

"हे बघ पोरी, हा जो फुगवटा आहे ना, हा ज्याने कुणी केला त्याला माझ्यासमोर उभा कर. दोन शब्द बोलायचेत मला."

मुलीचा चेहरा उतरला होता. ओठ उघडले होते. काहीतरी सणसणीत उत्तर बाहेर पडायच्या बेतात होतं. चेस्टरने ते ओळखलं. त्रेसष्ट साली त्याने असंच एक उत्तर एका दंतवैद्याला दिलं होतं आणि मर्व्हच्या वडिलांनी त्याला बाहेर काढलं होतं.

तो चपळाईने मध्ये गेला आणि तिच्या हातात डोनट ठेवला.

"खा."

"मला नको आहे, बॉस. तुम्ही ऐकलंत का हे काय म्हणाले?"

"ऐकलं. आधी खा. मोठा घास घे."

रेनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कोटावर साखर होती, डोळ्यांत हसून आलेलं पाणी होतं. तिने घास घेतला.

"आता ते जे काय म्हणतील ते ऐक," चेस्टर म्हणाला. "उत्तर देऊ नकोस. देताच येणार नाही."

लुसिल पुढे आली. तिने रेनीचा मोकळा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि तळवा नीट निरखला, जशी ती बेकरीत नव्या आलेल्या मुलींचे हात बघायची. पोलादी पात्याने अंगठ्याजवळ घट्टा पडला होता. अगदी ओळखीच्या जागी.

"आज रात्री जेवायला ये," लुसिल म्हणाली. "घावन आहेत."

"कोण करणार?" चेस्टरने विचारलं. "हरलीस तू."

"तूच. मी हरले ते तुझ्यामुळे." मग ती रेनीकडे वळली. "आणि ऐक. पुढची गाडी येईल तेव्हा मला आधी एक अक्षर सांगायचं नाहीस. फेरी एकच. आणि तू हात खिशात ठेवायचेस."

रेनीला काही कळलं नाही. घास मोठा होता. तिने मान डोलावली.

नॉर्ब पेल्की तोवर गाडीभोवती चौथी फेरी मारून आला होता. पुढच्या उजव्या चाकाशी तो थांबला, इकडे तिकडे पाहिलं, आणि कुणी बघत नाही असं वाटून मडगार्डवरून हात फिरवला. एकदा. मग पुन्हा एकदा.

"हं," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याला रेनी दिसली. तो ओशाळला आणि मोठ्याने म्हणाला, "काय गं, तू एवढा वेळ उभी आहेस. तुला काय वाटतं हिच्याबद्दल?"

रेनीने तोंडाकडे बोट दाखवलं.